निवारण कशाचे?

कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ थांबावा म्हणून संसदेने 2013 साली जो कायदा केला, त्याच्या मराठी नावात कंसात तीन शब्द येतात: ‘प्रतिबंध, मनाई व निवारण’. याच कायद्याच्या हिंदी नावातही कंसात तीन शब्द आहेत: ‘निवारण, प्रतिषेध और प्रतितोष’. मराठीत निवारण शेवटी येते आणि हिंदीत ते सर्वांच्या आधी येते. हा निव्वळ क्रमाचा फरक नाही. हिंदी नावातले निवारण म्हणजे गुन्हा मुळात घडूच न देणे, आणि मराठी नावातले निवारण म्हणजे गुन्हा घडून गेल्यावर पीडितेला दाद मिळवून देणे. भ्रष्टाचाराविरुद्धचा 1988 चा कायदाही हिंदीत ‘भ्रष्टाचार निवारण अधिनियम’ आहे. मराठीत तेथे आपण ‘प्रतिबंधक’ म्हणतो. एकच तत्सम शब्द एका भाषेत घावाच्या आधी उभा राहतो आणि शेजारच्या भाषेत घाव बसल्यानंतर धावून येतो, हे लक्षात आल्यापासून या शब्दाने माझी पाठ सोडलेली नाही. मूळचा अर्थ कोणता, तो कोठून कोठे सरकला आणि या सरकण्यात आपण काही गमावले का, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

निवारण हा शब्द संस्कृतातील ‘वृ’ या धातूपासून आला आहे. वृ दिसायला एक असला तरी त्याच्या पोटात दोन अर्थ नांदतात. निवडणे हा एक अर्थ. वर, वरण, स्वयंवर हे शब्द त्याच्या बाजूचे. झाकणे, वेढणे, अडवणे हा दुसरा अर्थ, आणि आपला शब्द या दुसऱ्या घराण्यातला आहे. आवरण, संवरण ही त्याची जवळची भावंडे. पाणी कोंडून धरणारा वेदातला वृत्र हाही बहुतेक अभ्यासकांच्या मते याच कुळातला, म्हणजे अडवणारा. याच धातूचे प्रयोजक रूप ‘वारयति’, म्हणजे अडवतो, परतवतो. त्याला ‘नि’ हा उपसर्ग लागला की ‘निवारयति’ होते. महाभारताच्या युद्धपर्वांत हे क्रियापद पुन्हा पुन्हा भेटते. एका योद्ध्याने सोडलेले बाण दुसरा योद्धा आपल्या बाणांनी वाटेतच तोडतो, तेव्हा कवी ‘निवारयामास’ म्हणतो. येथे निवारण म्हणजे अंगावर येणारा वार पोहोचण्याआधी अडवणे, इतका नेमका आणि शारीरिक अर्थ आहे. त्या अर्थी हिंदी कायद्याने शब्द त्याच्या जुन्या जागी ठेवला आहे.

या कुळातला मला सर्वांत प्रिय शब्द ‘वर्म’ हा आहे. आज मराठीत ‘वर्मावर बोट ठेवणे’ म्हणताना आपण ‘मर्म’ या शब्दाच्या सावलीत त्याला मर्मस्थानाचा अर्थ देतो, परंतु संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, अंग झाकणारे कवच. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील 75 वे सूक्त युद्धसामग्रीचे आहे. त्यात धनुष्य, दोरी, भाता, रथ, घोडे अशा एकेका वस्तूची स्तुती आहे, आणि सूक्ताचा आरंभ मात्र हल्ल्याच्या शस्त्राने होत नाही, चिलखताने होतो. चिलखत घालून रणात जाणारा वीर मेघासारखा दिसतो, असे सांगून कवी त्याला म्हणतो की न दुखावलेल्या शरीराने तू जिंक आणि चिलखताचा महिमा तुझे रक्षण करो. त्याच सूक्ताच्या अखेरीस तीन शब्द येतात: ‘ब्रह्म वर्म ममान्तरम्’. ब्रह्म म्हणजे येथे मंत्र, उच्चारलेला पवित्र शब्द. तो माझे आतले चिलखत आहे. अंगावरचे कवच वार अडवते आणि आतले कवच शब्दांचे असते, हा विचार इतक्या जुन्या काळी इतक्या थोड्या अक्षरांत मांडला गेला आहे. वार अडवण्याचा शब्द पुढे बोलण्याच्या प्रांतात कसा शिरला, याची एक चाहूल मला येथेच लागते.

अडवायचे ते नेहमी शस्त्रच असते असे नाही. संस्कृतात छत्रीला ‘आतपवारण’ म्हणतात, म्हणजे ऊन अडवणारे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गाच्या शेवटी दिलीप राजा तरुण रघूच्या हाती राज्य सोपवून वनात जातो, तेव्हा कालिदास राज्य दिले असे सरळ म्हणत नाही; राजपदाचे चिन्ह असलेले ‘सितातपवारण’, पांढरे छत्र, दिले असे म्हणतो. युरोपीय तलवारबाजीत समोरच्याचा वार आपल्या पात्याने बाजूला काढण्याला ‘पॅरी’ म्हणतात आणि इंग्रजीत अवघड प्रश्न शिताफीने बाजूला काढण्यालाही तेच क्रियापद वापरतात. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘पारारे’, म्हणजे सज्ज करणे, तयार ठेवणे. इटालियनमध्ये त्याला अडवण्याचा अर्थ आला आणि त्यातून उन्हाच्या छत्रीचे ‘पॅरासोल’ हे नाव निघाले, पुढे फ्रेंचांनी पडणे अडवणारे ते ‘पॅराशूट’ केले. आतपवारण आणि पॅरासोल यांचे धातू वेगळे, प्रदेश वेगळे, काळ वेगळे; तरीही वार परतवणाऱ्या शब्दाने दोन्हीकडे छत्रीच उघडली, याचा मला फार आनंद होतो. फरक आहे तो मुळात. लॅटिन शब्दात आधीची तयारी आहे, तर संस्कृत शब्दात झाकणे आहे, म्हणजे कोणाच्या तरी वर हात धरणे आहे. निवारण म्हटले की अडवणाऱ्याच्या मागे कोणीतरी असते, ही जाणीव धातूतच आहे.

मराठीने हे कुळ चांगले सांभाळले आहे. ‘आवर’ हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! पसारा आवरायचा, केस आवरायचे, राग आवरायचा, रडू अनावर होते आणि पाहुणे येण्याआधी घरात आवराआवर चालते. रामदासांनी करुणाष्टकात ‘अचपळ मन माझे नावरे आवरीता’ असे म्हटले, तेव्हा एकाच क्रियापदाची दोन रूपे शेजारी ठेवून त्यांनी धडपड आणि हतबलता एका श्वासात सांगितली. अन्न, वस्त्र यांच्या पाठोपाठ आपण ज्याचे नाव घेतो तो ‘निवारा’ ऐकताना ‘नि’ आणि ‘वारा’ अशी फोड करण्याचा मोह होतो. मला मात्र त्याचे नाते निवारणे या क्रियापदाशी अधिक जवळचे वाटते, कारण निवारा एकट्या वाऱ्यापासून नसतो, तो उन्हापासून, पावसापासून आणि कधी माणसांपासूनही असतो.

या क्रियापदाचे सर्वांत जिवंत रूप मात्र कोशात नाही, नवरात्रात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या आरतीत आहे. ‘दुर्गे दुर्घट भारी’ म्हणताना आपण टाळ्यांच्या ठेक्यात पुढे म्हणतो, ‘वारी वारी जन्ममरणाते वारी, हारी पडलो आता संकट निवारी’. अनेकांच्या कानांना त्या ‘वारी’त पंढरीची वारी ऐकू येते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण मराठी माणसाच्या मनात त्या दोन अक्षरांची दुसरी जागा आधीच पक्की असते. पण ही वारी म्हणजे आज्ञा आहे, याचना आहे: वार, अडव, परतव. आधी तीनदा ‘वारी’ आणि मग ‘निवारी’. ज्याचे हात टेकले आहेत तो स्वतःसाठी ढाल मागत नाही. देवीनेच मध्ये उभे राहावे असे तो म्हणतो. (घावाला आपण ‘वार’ म्हणतो आणि तो अडवण्याला ‘वारणे’, हा योग मोहक आहे; तरी केवळ ध्वनी जुळतो म्हणून त्यांना एका धातूत कोंबण्याचे कारण नाही. सोमवार-मंगळवारातला ‘वार’ हा तर निराळाच, पाळी या अर्थाचा.)

आता प्रश्नांकडे वळतो. शस्त्राचा वार आणि प्रश्न यांना एकाच पंक्तीला बसवणे ही केवळ युरोपीय भाषांची खोड नाही. आपला ‘आक्षेप’ हा शब्द पाहा: क्षिप् म्हणजे फेकणे, आणि आक्षेप म्हणजे एखाद्यावर नेमके फेकलेले काही. त्याच्या उत्तराला शास्त्रग्रंथांत ‘परिहार’ म्हणतात. हृ म्हणजे नेणे, आणि परिहार म्हणजे फेकलेली गोष्ट वळवून बाजूला नेणे. ‘निरसन’ म्हणजे बाहेर फेकून देणे. ‘खंडन’ म्हणजे तोडणे. आज आपण परिहार बहुतेक करून ‘श्रमपरिहार’ या एका सुखद शब्दात भेटतो, कार्यक्रम संपल्यावर कार्यकर्त्यांसाठी भेळ-चहा ठेवला जातो तेव्हा; परंतु त्याची तालीम वादसभेत झाली आहे. आक्षेप आणि परिहार यांची जोडी ज्या ग्रंथांच्या पानोपान दिसते, त्या ग्रंथांच्या लेखकांनी प्रश्नाला शत्रू मानले होते असे मात्र नाही. आक्षेप जितका जोरकस मांडावा तितका परिहार बळकट होतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि म्हणून अनेकदा विरुद्ध पक्षाच्या माणसाला सुचला नसता असा आक्षेपही ते स्वतःच रचून मांडत.

परिहार खरा कोणता आणि खोटा कोणता, याचा काटेकोर विचार गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, आहे. तेथे चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावे म्हणून होणारा तो वाद. जिंकावे म्हणून होणारा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा मोडण्यासाठीच होणारी ती वितंडा. आज आपण वाद हा शब्द भांडणासाठी वापरतो, पण या मांडणीत तो तिघांत सर्वांत शुद्ध आहे. मग जल्प आणि वितंडा यांना शास्त्रात जागा तरी का द्यावी? चौथ्या अध्यायातले एक सूत्र याचे उत्तर देते: ‘तत्त्वाध्यवसायसंरक्षणार्थं जल्पवितण्डे बीजप्ररोहसंरक्षणार्थं कण्टकशाखावरणवत्’. बी रुजून आलेल्या कोंबाचे रक्षण करण्यासाठी जसे काटेरी फांद्यांचे आवरण घालतात, तसे तत्त्वाच्या निश्चयाचे रक्षण करण्यासाठी जल्प आणि वितंडा आहेत. या सूत्रातला ‘आवरण’ हा शब्द वृ धातूचाच आहे. प्रश्न परतवण्याला मान्यता आहे, पण एका अटीवर: कुंपणाच्या आत काहीतरी उगवत असले पाहिजे. आत नुसती मोकळी जमीन असेल तर त्या काट्यांचे समर्थन न्यायशास्त्र करत नाही.

त्याच ग्रंथाच्या शेवटी ‘निग्रहस्थाने’ दिली आहेत, म्हणजे ज्या जागी चर्चा करणारा हरला असे मानावे त्या जागा. त्या बावीस आहेत, आणि त्यांतल्या काही वाचताना आजच्या एखाद्या पत्रकार परिषदेत बसल्यासारखे वाटते. मूळ मुद्द्याशी संबंध नसलेले बोलत राहणे हे ‘अर्थान्तर’. आपल्याला दुसरे काम आहे असे सांगून चर्चा मध्येच तोडणे हा ‘विक्षेप’. आपल्या पक्षातला दोष न नाकारता, तोच दोष तुमच्याही पक्षात आहे असे म्हणणे ही ‘मतानुज्ञा’. आधीच्या लोकांनी हेच केले तेव्हा तुम्ही कोठे होता, असे जेव्हा कोणी विचारतो तेव्हा त्याने स्वतःवरचा आरोप मान्य केलेला असतो, हे या शब्दाने किती स्वच्छ सांगितले आहे! मतानुज्ञा म्हणजे संमती. प्रश्न वळवणारा माणूस आपण निसटलो असे समजतो आणि शास्त्र म्हणते की त्याने कबुली दिली. ही नावे आपल्या शाळांत, निदान वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांच्या तयारीत, मुलांना शिकवली जावीत असे मला मनापासून वाटते. ज्याला नाव असते ते ओळखता येते.

रोजच्या मराठीतही अशा निसटण्याला शब्द आहेत आणि ते बहुतेक शरीराच्या हालचालींचे आहेत. प्रश्नाला बगल दिली जाते, म्हणजे त्याला अंगाच्या कडेने जाऊ दिले जाते. प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर टोलवले जाते. वेळ मारून नेली जाते, हुलकावणी दिली जाते, उडवाउडवीची उत्तरे मिळतात. या सर्व शब्दांत समोरच्याला चकवण्याची चपळाई आहे आणि कोणाचे तरी रक्षण केल्याचा लवलेशही नाही. म्हणून मी त्यांना निवारणाच्या कुळात बसवत नाही. चकवणारा माणूस एकटा असतो. निवारण करणाऱ्याच्या पाठीमागे कोणीतरी उभे असते.

प्रश्न अडवण्याचा एक प्रकार मात्र मला असा ठाऊक आहे, ज्याला यांतला कोणताही शब्द लागू पडत नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात तपासण्यांचे निकाल आमच्या हाती आले होते आणि तिला ते सांगितले नव्हते. ती विचारायची, “रिपोर्टमध्ये काय आलंय रे?” आणि मी म्हणायचो, “डॉक्टर संध्याकाळी राउंडला येतील तेव्हा सांगतील.” मग तीच मला जेवलास का म्हणून विचारायची, आणि विषय बदलण्याचे काम तिने माझ्यासाठी केले आहे हे आम्हा दोघांनाही कळत असे. तिच्या मनाची तयारी व्हावी, धाकट्या भावाला परगावाहून पोहोचता यावे, एवढ्यासाठी ते काट्यांचे कुंपण होते. पुढे एका दुपारी तिने विषय न बदलता माझ्याकडे बघत पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी तिला सगळे सांगितले. ते ऐकून तिने भाऊ कधी पोहोचतो आहे एवढेच विचारले आणि कपाटाच्या किल्ल्या कोठे आहेत ते सांगितले. त्या दिवसांतल्या माझ्या उत्तरांना मी खोटे म्हणत नाही, पण तिने सरळ विचारल्यावरही मी ती तशीच देत राहिलो असतो, तर त्यांना दुसरे नाव उरले नसते.

संस्कृताने न अडवता येणाऱ्या वारालाही शब्द दिले आहेत आणि ते आपण मराठीत रोज वापरतो. ज्याचे निवारण करता येत नाही ते अनिवार्य; ज्याचा परिहार करता येत नाही ते अपरिहार्य. शाळेत गणवेश अनिवार्य असतो आणि दरवाढ अपरिहार्य असते, इतके हे शब्द आता कागदी झाले आहेत. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जन्मलेल्याला मृत्यू निश्चित आहे असे सांगून कृष्ण म्हणतो, ‘तस्मादपरिहार्येऽर्थे न त्वं शोचितुमर्हसि’, म्हणजे म्हणून जे अपरिहार्य आहे त्याचा शोक करणे तुला योग्य नाही. युद्धभूमीवर, ज्याचे सारे शिक्षण वार परतवण्यात गेले आहे अशा धनुर्धराला उद्देशून हा शब्द उच्चारला आहे, हे ध्यानात घेतले की तो किती जड आहे ते जाणवते. कोणाही कसबी माणसाला बाजूला काढता येणार नाही असा एक वार आहे, असे ते सांगणे आहे. एखाद्या परिपत्रकात ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द वाचताना, ते लिहिणाऱ्याने हा परिहार खरोखर करून पाहिला होता का, असे माझ्या मनात येते.

मराठीतले सर्वांत परिचित निवारण आज सरकारी पाटीवर आहे. ग्राहकांसाठी 1986 च्या कायद्याने जे मंच स्थापन झाले, ते आपल्याकडे ‘ग्राहक तक्रार निवारण मंच’ म्हणून ओळखले गेले. 2019 च्या नव्या कायद्यानंतर, 2020 पासून, त्यांच्या जागी ‘आयोग’ आला, पण ‘तक्रार निवारण’ तसेच राहिले. नगरपालिका, वीज, बँका, विद्यापीठे, सगळीकडे आता तक्रार निवारण कक्ष आहेत. ही सोय मोलाची आहे. सामान्य माणसाला वकिलाशिवाय दाद मागता येते, ही लहान गोष्ट नाही, आणि त्या मंचांनी अनेकांना न्याय दिला आहे. माझी अडचण या समासाशी आहे. शंकानिवारण म्हणजे शंका दूर करणे, विघ्ननिवारण म्हणजे विघ्न दूर करणे, संकटनिवारण म्हणजे संकट दूर करणे. निवारणाच्या आधी जे येते ते वाईट असते आणि ते परतवायचे असते. मग तक्रार निवारण म्हणजे काय परतवणे? व्याकरण सरळ सांगते की तक्रार परतवणे. आपल्याला जे परतवायला हवे आहे तो तक्रारीमागचा त्रास आहे, तक्रार नव्हे. तक्रार करणारा तर दुर्गेच्या आरतीतल्या भक्तासारखा ‘निवारी’ म्हणून हाक मारत आलेला असतो. ढाल त्याच्या पुढे धरायची आहे. शब्दाची रचना मात्र अशी झाली आहे की ढालीच्या मागे कार्यालय उभे आहे आणि समोरून तक्रारदार चालून येतो आहे.

हा कीस नाही, हे मला आमच्या इमारतीच्या पाण्यावरून कळले. वरच्या मजल्यांना पहाटेचे पाणी येईनासे झाले, तेव्हा मी संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी मोबाईलवर संदेश आला: ‘आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.’ नळाला पाणी नव्हते. संदेशात खोटे काहीच नव्हते. तक्रार परतवली गेली होती, नोंदीतून ती बाजूला काढली गेली होती, आणि त्या क्रियापदाचा जुना, रणांगणावरचा अर्थ अगदी तंतोतंत पाळला गेला होता.

विधानसभेत तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि तेथे उपप्रश्न नसतो. या व्यवस्थेमागे एक जुने शहाणपण आहे: पहिला प्रश्न परतवता येतो, हे गृहीत धरून दुसऱ्याची सोय आधीच केलेली आहे. तक्रार बंद करण्याच्या आपल्या सर्व यंत्रणांत अशा उपप्रश्नाची जागा असायला हवी. तक्रार बंद झाली असे सांगण्याआधी तक्रारदाराला विचारले जावे, आणि कशाचे निवारण झाले, कारण काय सापडले, हे त्या संदेशात एका वाक्यात लिहिले जावे. मी माझा उपप्रश्न लेखी अर्जाने विचारला: माझ्या तक्रारीचे निवारण झाले हे कळले, पाणी न येण्याच्या कारणाचे निवारण झाले आहे का? त्याला आलेले उत्तर दोन ओळींचे होते. चौकातला जुना व्हॉल्व्ह निकामी झाला आहे, नवा मागवला आहे, तो बसेपर्यंत वरच्या मजल्यांना पाणी कमी दाबाने येईल, असे एका कनिष्ठ अभियंत्याने त्यात लिहिले होते. निवारण हा शब्द त्या उत्तरात कोठेही नव्हता. पाणी यायला आणखी काही आठवडे गेले, पण तेवढे दिवस इमारतीतल्या सर्वांना खालच्या टाकीतून पाणी भरायचे आहे हे माहीत होते आणि त्याप्रमाणे आम्ही पाळ्या लावून घेतल्या.